वाळायची तीन मिनिटं

३ मार्च, मंगळवार

बारके,

आशीर्वाद वगैरे लिहायला आज हात वळत नाही, तेव्हा ते राहू दे.

तू फोन उचलत नाहीस. अकरा वेळा लावला. बाराव्यांदा लावायला गेले तर तुझे भाऊजी म्हणाले, "अगं, एवढी मोठी सर्जन ती, फोन कसा टाळायचा तेही शिकली असेल," आणि फोन हातातून काढून घेतला. नवं शहर, नवं इस्पितळ, विभागप्रमुख म्हणून नुकतीच रुजू झालीस, कामं असतील, मान्य. म्हणून पत्र. फाडायचं असलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.

आज मला चौकशी समितीपुढे बसवलं. तिघं होते. आपल्या मेट्रनबाई, बाहेरून आणलेले एक वयस्कर सर्जन आणि कार्यालयातले एक साहेब, जे सारखं पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. मेट्रनबाईंनी तुझा जबाब वाचून दाखवला. चारच वाक्यं. "त्वचेला लावलेलं औषध वाळण्याची वेळ पूर्ण झाल्याचं सिस्टरांनी मोठ्याने सांगितलं." खरं आहे. "त्यांच्यावर विसंबून मी शस्त्रक्रिया सुरू केली." बरं. "रुग्णाला भाजल्याचं मला अतिशय दुःख आहे." असेलही. आणि मग चौथं. "सिस्टरांना मोतीबिंदूची सुरुवात झाली असून घड्याळ नीट दिसत नाही हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, तरीही त्या माझ्या थोरल्या भगिनी असल्यामुळे मी त्यांना वेळीच कामावरून बाजूला केलं नाही, ही माझी चूक."

वा गं वा! कौतुक करावं की कानाखाली वाजवावी, तेच कळेना. चूक कबूल केलीस, आणि चूक कुठली? तर माझ्यावरची माया.

डोळ्याचं मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. तुझ्या स्वयंपाकघरात, मटार सोलताना. डाव्या डोळ्यात सुरुवात आहे, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, उजवा ठणठणीत, दोन वर्षं काही करायला नको. भाऊजींना बोलले नव्हते, कारण ते रस्ता ओलांडताना माझा हात धरायला लागले असते. तू म्हणालीस, "ताई, कुणाला बोलू नकोस हं, उगाच तुला ऑपरेशन थिएटरातून काढतील." कुणाला बोलू नकोस! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

आज घरी आल्यावर भाऊजींना सांगावंच लागलं. म्हणाले, "म्हणजे मी तुला अजून देखणा दिसतो तो त्यामुळे होय?" हसवायला बघत होते बिचारे. मी रडले आणि मग चहा टाकला.

समितीने मला काय घडलं ते माझ्या शब्दांत सांगायला लावलं. ते तुलाही सांगते, कारण तुझ्या जबाबात ते ओळखूच येत नाही. एकोणीस फेब्रुवारी. टेबलावर शिंपीकाका, हर्नियाची शस्त्रक्रिया. स्पिरिटवालं औषध पोटाला लावलं, ते कडेने ओघळून कमरेखालच्या कापडात मुरलं. वाळायला तीन मिनिटं द्यायची असतात. मी "झाली" म्हणाले. तू चादरी टाकल्यास, रक्त थांबवायची विजेची कॉटरी लावलीस, ठिणगी पडली. ज्योत दिव्याखाली दिसलीसुद्धा नाही, आधी वास आला. मी ओला टॉवेल टाकून दोन्ही हातांनी दाबला. तळहाताएवढं भाजलं त्यांना, कमरेच्या उजव्या बाजूला. तू तेव्हा दोन पावलं मागे सरली होतीस. तेही जबाबात नाही, पण जाऊ दे.

मी "झाली" म्हणाले तेव्हा घड्याळात किती झालं होतं, हे आज मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माझ्या डोळ्यातच रस होता. पुढची बैठक तीस तारखेला. तोवर मी घरी. "निलंबित" हा शब्द मेट्रनबाईंनी फार हळू आवाजात उच्चारला. अठ्ठावीस वर्षं ओटीत काढली, त्याची तेवढी लाज त्यांनी राखली.

ताई


५ मार्च, गुरुवार

बारके,

परवा मी एक गोष्ट लिहायची टाळली. तुझ्यावर तोंड सोडलं की माझंच मला ऐकू येत नाही, तसं झालं. आज शांत डोक्याने लिहिते. तुझाच अभ्यास तुला समजावून सांगते असं वाटेल, पण पहिल्यापासून मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

दोन औषधं. एक आयोडीनचं, तपकिरी, पाण्यातलं, जे फासत फासत मी म्हातारी झाले. दुसरं क्लोरहेक्सिडीनचं, गुलाबी, स्पिरिटमधलं. चिरण्याआधी कातडीला यातलं कुठलं लावलं तर जखमेत कमी पू होतो? चारशे बारा रुग्ण घ्यायचे, बंद पाकिटातली चिठ्ठी सांगेल ते औषध लावायचं आणि तीस दिवसांनी जखम तपासून बघायची. इतका साधा प्रश्न, पण आम्ही जन्मभर कधी विचारला नाही. तू विचारलास. मी त्या दिवशी ओटीतल्या मावशींना म्हणाले होते, "बघा, आमची बारकी!" मावशी म्हणाल्या, "आता तुमच्या पायाला जमीन लागायची नाही." नव्हतीच लागत.

माझ्याकडे घड्याळाचं काम दिलंस. औषध लावून झालं की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, तीन मिनिटं भरली की मोठ्याने "झाली" म्हणायचं. कोपऱ्यातली नोंदणीची मुलगी माझा शब्द ऐकून फॉर्मवर तीनचा आकडा घालायची. मी म्हणेपर्यंत तू चादरीला हात लावायचा नाहीस. नियम तुझाच. ओटीत सगळे मला घड्याळबाई म्हणायला लागले. तीन मिनिटं म्हणजे काही जन्मठेप नाही. पण हात धुऊन, हातमोजे चढवून, हात छातीशी धरून ताटकळणाऱ्या सर्जनला ती फार लांब वाटतात, हे मी खूप जणांच्या चेहऱ्यावर बघितलंय.

पहिले दोन महिने काटेकोर गेले. तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी यादीवर नऊ शस्त्रक्रिया होत्या. पाचव्या की सहाव्याला तू मास्कच्या वरून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ताई, झाली ना?"

ओटीत तू मला सिस्टर म्हणतेस, सगळ्यांसारखं. ते आपलं ठरलेलं होतं, मीच ठरवलं होतं, घरचं नातं टेबलापाशी नको म्हणून. त्या दिवशी तू ताई म्हणालीस. घड्याळात दीड मिनिट झालं होतं. मी म्हणाले, "झाली."

एवढंच. कुणी दम दिला नाही, कुणी हात पिरगळला नाही. त्यानंतर तू ताई म्हणालीस की तीन मिनिटं भरायची. पुढे पुढे तुला ताई म्हणावंही लागेना, तू नुसती मान वर केलीस तरी पुरायचं. आईने आजारपणात तुला माझ्या हाती सोपवलं तेव्हापासून तू काही मागितलंस आणि मी नाही म्हणाले असं एकदा तरी झालंय का, आठवून बघ. मला नाही आठवलं.

अभ्यास संपला, लेख छापून आला, तरी ती सवय गेली नाही; शिंपीकाकांच्या वेळी एक्कावन्न सेकंद झाले होते. ते घड्याळ ताटाएवढं आहे गं, बारके. मला ते डाव्या डोळ्यानेसुद्धा दिसलं असतं.

तेव्हा तुझी पहिली तीन वाक्यं खरी आहेत. मी म्हणाले होते, तू विसंबली होतीस. खऱ्याची विटी करून माणसाला एवढ्या लांब टोलवता येतं, हे मला माहीत नव्हतं. मी तुझ्यासाठी खोटं बोलले आणि तू तेच खोटं माझ्या गळ्यात बांधून गाडी पकडलीस.

ताई


११ मार्च, बुधवार

बारके,

उभी असशील तर बस.

माझ्याकडे वही आहे. खिशात मावणारी, कडा तेलकट झालेली. तू ती शंभरदा बघितली असशील आणि तुला वाटलं असेल, ताई सामानाची यादी करते. पहिल्या दिवसापासून त्यात मी प्रत्येक रुग्णाची खरी वेळ लिहिली आहे. मोठ्याने म्हणायचे "झाली", मुलगी लिहायची तीन, आणि मी भिंतीकडे तोंड करून लिहायचे एक वाजून चाळीस. म्हणजे एक मिनिट, चाळीस सेकंद. खाडाखोड एक नाही.

का लिहिलं, विचारशील. चांगुलपणा म्हणून नाही. फॉर्म दुसरीच कुणी भरत होती, त्यामुळे मनाला सांगता यायचं की मी कुठे काही खोटं लिहिलंय? पाप तोंडाने करायचं आणि पुण्य पेन्सिलीने. अशी मी हुशार.

आता घरी रिकामीच आहे. तुझे भाऊजी म्हणाले, "कपाटं तरी आवर." मी वही आवरली. तीस दिवसांनंतरच्या जखमांची यादी माझ्याकडे होतीच. तूच दिली होतीस तपासायला, "ताई, तुझी नजर पक्की आहे" म्हणून. आठवतंय ना? मोतीबिंदूचं कळल्यानंतर दिलीस ती. सहा दिवस जेवणाच्या टेबलावर दोन्ही समोर ठेवून एकेक नाव जुळवलं.

तुझ्या छापलेल्या लेखात काय आहे? तपकिरी औषधाचे दोनशे सहा, त्यातल्या सव्वीस जणांच्या जखमेत पू. गुलाबीचे दोनशे सहा, त्यातले चोवीस. फरक नाही. "दोन्ही औषधं सारखीच परिणामकारक, उपलब्ध असेल ते वापरावं." छान. टाळ्या पडल्या असतील.

आता वही ऐक. गुलाबी औषधाच्या दोनशे सहांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांना पूर्ण तीन मिनिटं मिळाली. पहिल्या दोन महिन्यांतले, आणि तू रजेवर असताना मोठ्या सरांनी केलेले. ते म्हातारे गृहस्थ तीन मिनिटं डोळे मिटून उभे राहतात. त्या अठ्ठ्याऐंशीत पू झाला चार जणांना. उरलेल्या एकशे अठरांची मी घाई केली. त्यांच्यात वीस जणांना. तपकिरीच्या वेळाही बघितल्या, तिथेही घाई झाली होतीच, पण थांबलेल्या आणि न थांबलेल्यांत म्हणावा तसा फरक दिसला नाही.

तू म्हणशील, ताई, घाईचे रुग्ण मुळातच जास्त आजारी असतात, असं आकडे कापून सिद्धांत मांडता येत नाही. म्हण. मी सिद्धांत मांडतच नाही, मी दहावीनंतर नर्सिंगला गेलेली बाई आहे. पण तूही मांडायला नको होतास. कारण तुझ्या लेखात लिहिलंय की प्रत्येकाला तीन मिनिटं दिली. प्रत्येकाला! कुणी तरी कुठे तरी तो वाचून म्हणत असेल, मग कशाला ते गुलाबी, आणि कशाला थांबायचं.

त्या वीस जणांत ती शाळामास्तरीण आहे, जिची जखम दोनदा उघडावी लागली. ती मला प्रत्येक वेळी म्हणायची, "सिस्टर, माझंच काहीतरी चुकलं असेल, मी लवकर उठून कामाला लागले." मी म्हणायचे, "हो, आराम करायला हवा होता." असं म्हणाले मी तिला. वहीत तिच्यापुढे एक वाजून पाच आहे.

मला वाटायचं, मी तुझी दोन मिनिटं वाचवते.

ताई


१६ मार्च, सोमवार

बारके,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, औषधाची चिठ्ठी. "ताई, तू डोळ्याचं मान्य कर. वैद्यकीय कारणाने सन्मानाने निवृत्ती मिळेल, ठपका येणार नाही. मी बोलले आहे. वहीचं कुणापुढे काढू नकोस, त्यात तूही अडकशील. आपण दोघी सुटू. तुझीच, बारकी."

तुझीच! मी चार पानं लिहून तुझ्यापुढे काळीज काढून ठेवलं आणि तू मला सहा ओळींत माप घेऊन आंधळी शिवलीस. त्या शाळामास्तरणीबद्दल अक्षर नाही. शिंपीकाका कसे आहेत, हेही नाही.

तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. त्यांनी ते घडी घालून परत दिलं. मग म्हणाले, "आंधळी तर आंधळी. घरी तरी बसशील. मी वर्तमानपत्र वाचून दाखवीन." ते गमतीत नव्हते. त्यांना मी उघडी पडायला नको आहे. बरोबरच आहे, तू म्हणतेस तेही बरोबरच आहे. वही काढली तर माझा काही बचाव होत नाही, उलट जी चूक आज म्हातारपणाची आहे ती माझ्या करणीची होते. खरं सांगू? मोह झाला. इतका, की शुक्रवारी मी समितीची चिठ्ठी घेऊन डोळ्यांच्या विभागात प्रमाणपत्र आणायला गेले.

तिथला तो तुझा वर्गमित्र. डोळे तपासले, कागद पुढे ओढला, लिहायला लागला आणि थांबला. म्हणाला, "सिस्टर, मॅडमचा फोन आला होता. काय लिहू?"

काय लिहू! मी म्हणाले, "जे दिसलं ते लिहा." तो म्हणाला, "दिसलं ते असं आहे की कामाला काही अडचण नाही. पण तुमच्या सोयीचं जे असेल... तीस तारखेपर्यंत वेळ आहे, विचार करा." आणि जागा कोरी सोडून कागद माझ्या हातात दिला. म्हणजे माझा डोळा जाण्याआधी तू तो फोनवरून काढून घेतला होतास.

बाहेर आले तर समोरून शिंपीकाका. ड्रेसिंग करून निघाले होते, एक हात कमरेला. मी वळून जाणार होते, पण त्यांनी हाक मारली. "बाई, ओळखलंत का? मी तो, जळालेला." आणि स्वतःच हसले. माझं कोपर धरून मला बाकापर्यंत नेलं, सांभाळून, पायरी आली की "पायरी आहे हं" म्हणत. मी त्यांच्या हाताला धरून गेले. मला पायरी दिसत होती, बाकाचा उडालेला रंग दिसत होता, त्यांच्या शर्टाला लागलेला दोऱ्याचा तुकडाही दिसत होता.

म्हणाले, "आमच्या धंद्यातही डोळेच आधी दगा देतात. मला सुईत दोरा आता सून ओवून देते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तीस तारखेला मला बोलावलंय, मी सांगणार आहे, त्या बाईंवर माझा काही राग नाही. उलट त्यांनीच विझवलं."

मी "बरं" म्हणाले. काय करू? कागद पर्समध्ये आहे, अजून कोरा.

ताई


२७ मार्च, शुक्रवार

बारके,

अकरा दिवस झाले. तुझं काही नाही.

आज मी अगदी नागवं लिहिते. एकदा फोन कर. एकदाच म्हण, "ताई, चुकलं माझं." माझी माफी मागायला नको, मेट्रनबाईंना सांगायला नको, फक्त मला म्हण. मी वही गॅसवर धरते. डोळ्याच्या कागदावर तुझा वर्गमित्र म्हणेल ते लिहून घेते आणि काळा चष्मा लावून पेन्शन खाते. शपथ.

हे काय आहे ते मला कळतंय. एका शब्दावर चारशे बारा माणसं विकायला निघाले आहे मी. त्या शाळामास्तरणीला, शिंपीकाकांना, आणि उद्या दुसऱ्या कुठल्या इस्पितळात कुणी तीन मिनिटं थांबणार नाही त्या सगळ्यांना. लाज वाटते, तरी विकायला तयार आहे. म्हणजे बघ, तुझ्यापुढे माझी अक्कल किती चालते.

मला राग शिंपीकाकांच्या भाजण्याचा येत नाही, तुझ्या चौथ्या वाक्याचा येतो. हेही लिहूनच टाकते. तू मला दोषी म्हणाली असतीस तर मी खाली मान घातली असती. तू माझी कीव केलीस. मी तुला जे आपलं म्हणून सांगितलं तेच उचललंस. परक्याने असं केलं असतं तर मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या आणि सुटले असते. तुला शिव्या दिल्या तर त्या आपल्या आईलाच लागतात.

शनिवार, रविवार मी घरीच आहे. फोन उशाशी आहे.

ताई


२ एप्रिल, गुरुवार

बारके,

फोन आला तुझा. तीस तारखेला सकाळी साडेनऊला. मी साडीला पिन लावत होते. भाऊजी धावत फोन घेऊन आले, जणू काही आपल्याला बाळ झाल्याची बातमी आहे.

मी "हॅलो" म्हणाले. तू म्हणालीस, "ताई, डोळ्याचंच सांगणार ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तू पुन्हा म्हणालीस, "ताई?" तोच आवाज, त्या सोमवारचा. दुसरं काही येईल म्हणून मी थोडं थांबले. तू म्हणालीस, "मला राउंडला जायचंय, पटकन सांग." मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल लाइन तुटली.

दहा वाजता बैठक सुरू झाली. तेच तिघं, टोपणवाले साहेबही तेच. भिंतीपाशी खुर्चीवर शिंपीकाका, शेजारी त्यांची सून. आधी त्यांनाच विचारलं. ते उभे राहून म्हणाले, "माझी तक्रार नाही. बाईंना दिसलं नाही. म्हातारपण कुणाला चुकलंय?" आणि माझ्याकडे बघून मान हलवली, धीर दिल्यासारखी.

मेट्रनबाईंचा चेहरा सैल झाला. त्यांना हे लवकर आटपायचं होतं, माझ्यासाठीच. म्हणाल्या, "सिस्टर, प्रमाणपत्र आणलंय ना? तेवढं द्या, म्हणजे झालं. त्या दिवशी तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ नीट दिसत नव्हतं, असंच ना?"

प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं त्यांनी. मला नुसतं "हो" म्हणायचं होतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्गापासूनची माझी सगळी वर्षं त्या एका "हो"त झाकली गेली असती, आणि तुझीही.

मी म्हणाले, "दिसत होतं."

त्यांना वाटलं मी गोंधळले. पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "स्वच्छ दिसत होतं. एक्कावन्न सेकंद झाले होते. मी मुद्दाम झाली म्हणाले. त्या दिवशीच नाही, नऊ महिने म्हणत होते." आणि वही टेबलावर ठेवली.

बाहेरच्या वयस्कर सर्जननी ती घेतली. पहिल्या पानापासून वाचत गेले, बोट लावून, मधे मधे तुझा छापलेला लेख उघडून. साहेबांनी टोपण बाजूला ठेवलं. मग त्या सर्जननी विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

मी म्हणाले, "माझी बहीण आहे."

ते म्हणाले, "तिने दबाव आणला?" इथे मला तुझ्यावर ढकलता आलं असतं, बारके. तू माझ्यावर ढकललंस तसंच, खरं बोलून. मी म्हणाले, "ती ताई म्हणाली." त्यांना ते कळलं नाही. मी समजावूनही सांगितलं नाही. कागदावर त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही.

निकाल असा. नर्स म्हणून माझी नोंदणी जाणार, हे जवळजवळ नक्की. पेन्शनचं पुढे बघू म्हणाले. वही त्यांनी ठेवून घेतली. लेख छापणाऱ्यांना पत्र गेलंय, तो मागे घेण्याबद्दल. त्या सर्जननी नवीन अभ्यास सुचवला आहे, तीच दोन औषधं, पण वेळ मोजायला ओटीबाहेरचा माणूस, ज्याचं आत कुणी नात्याचं नाही. आपल्या ओटीत कालपासून घड्याळाखाली मावशींना उभं केलंय, असं कळलं. त्या कुणाला एक सेकंद सोडत नाहीत. काल मोठ्या सरांनाही म्हणाल्या म्हणे, "डोळे उघडा, अजून वीस सेकंद आहेत."

हे सगळं तुला ऑफिसच्या पत्रातूनही कळेल. मी लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

खोलीतून बाहेर पडताना शिंपीकाका दारात उभे होते. मी थांबले. मला वाटलं, काहीतरी बोलावं. मी म्हणाले, "काका, मला माफ करा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आधी मला ते बिचारी म्हणून बघायचे, आता तसे नाही बघितले. म्हणाले, "दिसत होतं, तर मग बोलला का नाहीत?"

मी म्हणाले, "माझी बहीण..."

"ते ऐकलं मी," ते म्हणाले. "तुमची ती बहीण होती. मी टेबलावर झोपलो होतो, मी कुणाच्या भरवशावर झोपलो होतो?" आवाज चढला नव्हता. सून त्यांना "चला" म्हणत होती. जाता जाता म्हणाले, "आंधळ्या बाईला मी केव्हाच माफ केलं होतं. तुम्हाला नाही जमायचं."

महिनाभर मी तुला लिहितेय की तू मला दगा दिलास. दिलासच, त्यात एक अक्षर मागे घेत नाही. पण त्या माणसाने माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी तुझ्याकडे बघण्याच्या लायकीची राहिले नाही, ते त्या दारात कळलं.

वीस एप्रिलला समितीने तुला बोलावलंय. शिंपीकाकाही येणार आहेत, त्यांनी तसं लिहून दिलंय. ते तुझ्यासमोर बसतील आणि तेच विचारतील. शाळेच्या पहिल्या दिवसापासून तुझ्या प्रत्येक परीक्षेला मी दाराबाहेर बसून राहिले. या परीक्षेला मी येणार नाही. एकटी ये, आणि काय उत्तर द्यायचं ते मला फोन करून विचारू नकोस.

ताई